जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण

करंजवाडी, ता. इगतपुरी
घटस्थापना, शुक्रवार, १२ ऑक्टोबर २००७

चिरंजीव राकेश यास,

अनेक आशीर्वाद. तू, शुभांगी आणि ओम खुशाल असाल. इकडे मी आणि तुझी आई ठीक आहोत. पाऊस सरल्यापासून आपला गुडघा बरा आहे असं ती म्हणते. तिच्या चालण्यावरून मला तसं दिसत नाही, पण ते बोलून दाखवायची सोय नाही. आज सकाळी घट बसवले. परडीत माती पसरून धान्य पेरलं. बाकीचं धान्य मी टाकलं तरी चालतं, भाताचे दाणे मात्र ती अजून स्वतःच्या हाताने टाकते.

तुझा फोन मंगळवारी यादवकडे आला होता. त्याने निरोप जसाच्या तसा पोचवला. दसऱ्याच्या मुहूर्तावर वरच्या खाचराचं साठेखत करायचं, कंपनीचे साहेब मुंबईहून येणार, तू चंदरच्या गाडीतून येशील आणि बाबांनी फक्त धुतलेला सदरा घालून तयार राहायचं. सदरा धुतलेला आहे. बाकीचं यादवच्या ओट्यावर उभं राहून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो. शिवाय फोनवर तू मध्ये बोलतोस. पत्रात माणसाला शेवटपर्यंत बोलता येतं.

आधी भाताची हकिकत. खालच्या खाचरातलं हळवं भात कापणीला आलं आहे. वरची इंद्रायणी अजून पंधरा दिवस घेईल, पण लोंब्या भरल्यात आणि सकाळी दव असेपर्यंत बांधावर उभं राहिलं की वास थेट डोक्यात जातो. मी काल तसाच उभा होतो. तुझी आई न्याहारीला हाका मारून थकली. मला मात्र शाळा आठवत होती, देवळाच्या ओवरीत भरायची ती. कवितेचा तास मी मुद्दाम शेवटचा ठेवायचो. पोरं भुकेने कावलेली असायची, पण एकदा चाल लागली की त्यांना भूकही आठवायची नाही. शाळा सोडून सोळा वर्षं झाली, तरी अजून चार वाजले की ओठ आपोआप हलतात. तू तिसरीत असताना मी वर्गासाठी चार ओळी जुळवल्या होत्या. तुला पाठ होत्या. आता असतील की नाही, कोण जाणे.

वरच्या घरचं पाणी खाली,
खालच्या घरी गेलं रं,
हाक घालता बांधावरनं
शिवार हिरवं झालं रं.

यमक सोपं आहे, पण खोटं नाही. आपल्या वरच्या खाचराखाली उतरंड अकरा घरांची. रोपांच्या आवणीच्या पहिल्या दिवशी वरच्या खाचराच्या मालकाने स्वतः फावड्याने बांधाचं तोंड फोडायचं आणि खाली हाक द्यायची, ‘सोडलंऽ रे’. खालच्याने आपलं खाचर भरून घेतलं की त्याने पुढच्याला हाक द्यायची. असं करत पाणी अकराव्या घरी पोचेपर्यंत दुपार कलायची. वरच्याचं भांडण तिसऱ्याशी असलं, दोघांचं बोलणं बंद असलं, तरी त्या दिवशी हाक चुकली नाही. ज्याच्या हातात तोंड, त्याच्या हातात अकरा चुली. ती हाक माझ्या आज्याने दिली, वडलांनी दिली, मी चाळीस वर्षं दिली. यंदाही दिली. आवाज चिरका झाला आहे.

ओहोळाच्या पलीकडे यंदा हाक नव्हती.

तिथलं तुला ठाऊक आहे, पण तू रस्त्यावरून पाहिलंस, मी आतून पाहिलं. कारभारीचं वरचं शेत आणि त्याखालची दोन कंपनीने गेल्या उन्हाळ्यात घेतली. जेसीबीने सगळे बांध मोडून एकच मोठं सपाट रान केलं. फुलांची काचघरं होणार म्हणतात, मध्ये तलाव होणार म्हणतात. अजून तरी फक्त भिंत झाली आहे. दगडी, छातीएवढी, सरळ. पाऊस आला तसं पाणी त्या भिंतीला अडलं, वळलं आणि ओहोळात गेलं. खाली राहिलेल्या दोन घरांनी काही विकलेलं नव्हतं. त्यातलं शेवटचं लंकाबाईचं.

लंकाबाईने रोपांसाठी राब भाजला होता, पेरा केला होता, रोपं छान वितीएवढी झाली होती. लावायची कुठे? खाचरात चिखलच होईना. पंधरा दिवस वाट पाहून रोप पिवळं पडलं. जुलैच्या शेवटी एके सकाळी ती आपल्या ओट्याशी आली. पिवळ्या रोपांची एक जुडी तिने ओट्यावर ठेवली आणि उभीच राहिली. तुझ्या आईने बस म्हटलं तरी बसली नाही.

“गुरुजी,” ती म्हणाली, “तो कागुद तुमीच वाचला व्हता. आमी कागदाकडं नाय, तुमच्या तोंडाकडं बघत व्हतो.”

आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हे तुला मी सांगितलेलं नाही. कारभारीच्या खरेदीखताला लगतच्या खातेदारांची ना-हरकत हवी होती. चंदर माझाच विद्यार्थी, आता कंपनीसाठी जमिनी जुळवतो. पाढ्यांना कच्चा, पण माणसं ओळखायला पहिल्यापासून पक्का. त्याने गावाला सांगितलं की कागद आम्ही वाचणार नाही, गुरुजी वाचतील. मला खुर्ची दिली. सगळे देवळापुढे बसले, मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो. सरकारी मराठी म्हणजे वाळलेली भाकरी, पण मध्येच एक ओळ आली: ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह’. राकेश, काय सांगू तुला. तोंडात गूळ ठेवावा तशी ती ओळ. खरेदीखतात जुन्या काळापासून असते म्हणतात. मी ती चालीवर म्हटली. लोकांनी माना डोलावल्या. मी पुन्हा एकदा म्हटली. जल म्हणजे लंकाबाईचं पाणी, हे कोणी विचारलं नाही आणि मी थांबून सांगितलं नाही. मी कविता म्हणत होतो. ते सह्या करत होते.

अजाणता झालं, असं तुझी आई म्हणते. तिचं म्हणणं मी मानलं असतं. पण अजाणता म्हणायचा हक्क मला राहिलेला नाही. कारण कागद वाचून माणसाला फसवायची ही माझी दुसरी वेळ. पहिल्या वेळी मी पूर्ण जाणता होतो.

तुझ्या यशोदाआत्याबद्दल लिहितो. ती दहा वर्षं या घरी आलेली नाही. तुझ्या लग्नात तिची जागा रिकामी होती. तुला आम्ही काय सांगितलं? आत्याचा स्वभाव तापट आहे, माहेरावर रुसली आहे, पिंपळगावची द्राक्षं चढली डोक्यात. तू ते खरं मानलंस. तुझ्या आईलाही मी तेच सांगितलं होतं. दोघांना खरं सांगायला मला तेरा वर्षं लागली. आईला गेल्या महिन्यात सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “आता काय करायचं ते करा, नुसतं बसून सांगू नका.”

१९९४ साली आजोबा गेले, तेव्हा तू नाशिकला आयटीआयला होतास. तेराव्यानंतर लगेच वारसाची नोंद करायची होती. मुलींच्या हक्काचा नवा कायदा येतोय अशी कुजबूज होती. तलाठी म्हणाला, गुरुजी, बहिणीची हक्कसोड आत्ताच करून घ्या, नंतर जावई ऐकणार नाहीत. मी कागद तयार करवून घेतला. यशोदा ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिला वाचता येत नाही. दुसरीत जायच्या आधी तिची शाळा सुटली, कारण म्हशीमागे कोणीतरी हवं होतं आणि मी कविता पाठ करत होतो. तिने विचारलं, दादा, काय लिहिलंय. मी ओळींवर बोट ठेवून वाचून दाखवलं. वडलांच्या नावाच्या जागी भाऊ आणि बहीण दोघांची नावं लागणार, असं वाचलं. कागदावर लिहिलं होतं की माझा सर्व हक्क मी राजीखुशीने भावाच्या लाभात सोडत आहे.

तिने अंगठा दिला. अंगठ्याची शाई तांदळाला लागू नये म्हणून तिने हात दूर धरला, ते अजून दिसतं मला.

मागितलं असतं तर तिने दिलं असतं. सगळ्याच बहिणी देतात, तिनेही दिलं असतं. मला मागायची लाज वाटली. खोटं वाचायची वाटली नाही. तीन वर्षांनी तिला तलाठ्याकडून कळलं आणि तिचं येणं थांबलं. भांडायलासुद्धा आली नाही.

गेल्या महिन्यात, गणपती गेल्यावर, मी एसटीने पिंपळगावला गेलो. तुला कळवलं नाही. ती द्राक्षाच्या बागेत बायकांवर लक्ष ठेवत मांडवाखाली उभी होती. केस पार पांढरे झालेत. मला पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा बायकांकडे वळली. मग नात संजनाला म्हणाली, म्हाताऱ्याला पाणी दे. संजना कॉलेजात आहे, तिला मी कोण हेही माहीत नव्हतं.

पाणी पिऊन मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हे असं लिहिलं होतं आणि मी तसं वाचलं. बायका कात्री थांबवून ऐकत होत्या. यशोदाने मला पुरतं बोलू दिलं आणि म्हणाली, “मला तवाच ठाऊक व्हतं, दादा. तुझं बोट कागदाच्या तळाला गेलं, तरी तुझं वाचणं संपना.”

मी विचारलं, मग अंगठा कशाला दिलास?

“तू वाचत व्हतास म्हनून.”

कात्र्या पुन्हा सुरू झाल्या. दुपारी तिने जेवायला वाढलं, पण स्वतः माझ्याबरोबर बसली नाही. मी निघताना वरच्या खाचराचं बोललो. कंपनी, तू, चंदर, पलीकडची भिंत, लंकाबाईची रोपं, सगळं. म्हटलं, माझ्यानंतर राकेश विकणार. तो वाईट नाही, त्याला ओमच्या शाळेची आणि फ्लॅटची काळजी आहे. पण तोंड त्याच्या हातात गेलं की अकरा चुली त्याच्या हातात जातील आणि तो नाशिकला बसून हाक देणार नाही. तेव्हा तुझं होतं ते तू घे. विकायचं तर तूही वीक, मी अट घालणार नाही. अट घालायचं तोंड मला नाही.

ती म्हणाली, येते का बघते.

सोमवारी आली. हो राकेश, झालं आहे. तू फोन केलास त्याच्या आदल्या दिवशीच, आठ तारखेला, इगतपुरीच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. यादवला ठाऊक होतं, म्हणूनच निरोप सांगताना तो माझ्याकडे न बघता शेणाच्या ढिगाकडे बघत होता. पितृपक्षात कोणी दस्त करत नाही, म्हणून कचेरी मोकळी होती. दस्तलेखक म्हणाला, गुरुजी, चार दिवस थांबा, नवरात्रात करू. मी म्हटलं, ज्यांची जमीन आहे ते सगळे याच पंधरवड्यात जेवायला येतात. त्यांच्यासमोर होऊ दे.

लेखकाने मसुदा वाचायला घेतला. यशोदाने त्याच्या हातातला कागद काढून संजनाकडे दिला. संजना वाचायला लागली: ‘माझी बहीण हिच्यावरील नैसर्गिक प्रेमापोटी बक्षीस देत आहे’.

“बक्षीस कसलं?” यशोदा म्हणाली. “मी काय कुस्ती मारली?”

लेखक म्हणाला, आजी, बक्षीसपत्रात तसंच लिहितात. ती म्हणाली, मग दुसरं लिहा, माझं होतं ते परत देतोय म्हणून. तो म्हणाला, तसा नमुना नाही. असं बराच वेळ चाललं. शेवटी मी त्याला सांगितलं की पहिल्या परिच्छेदात लिही, सन १९९४ च्या हक्कसोडीचा मजकूर मी बहिणीला खोटा वाचून दाखवला होता, तिच्या हक्काची जमीन मी परत करत आहे. त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, गुरुजी, स्वतःच्या सहीने असं कोणी लिहून देतं का? उद्या मुलगा कोर्टात गेला तर हाच कागद तुमच्यावर उलटेल. मी म्हटलं, लिही. तेहतीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत चुकीखाली लाल रेघ मारली, एक स्वतःच्या चुकीखाली मारू दे.

पुढे ती ओळ आली. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण. संजनाने सरळ वाचली, चालीशिवाय. यशोदाने तिला तिथेच थांबवलं आणि विचारलं, जल म्हंजे खालच्यांचं पाणीबी माझंच का? तसं असेल तर उद्या खालचे लोक मालकाला दिसणारच नाहीत, असं ती म्हणाली. तिने नवी ओळ घालायला लावली: या खाचराचा मालक कोणीही असो, त्याने खालच्या अकरा घरांचं वहिवाटीचं पाणी अडवू नये. लेखकाने ती नीट भाषेत बसवली. यमक नाही, प्रास नाही. आयुष्यभर कविता शिकवल्या, पण इतकी सरळ ओळ मला कधी सुचली नाही.

साक्षीदार यादव आणि लंकाबाई. लंकाबाईने सही केली, अंगठा नाही. साक्षरतेच्या वर्गात मीच शिकवली होती. चार अक्षरांना तिने एवढा वेळ लावला की शिपाई जांभया द्यायला लागला. कोणी घाई केली नाही.

परवा चंदर मोटरसायकलवर आला. बातमी फुटायला वेळ लागत नाही. ओट्याखाली उभा राहून म्हणाला, “गुरुजी, पिंपळगावच्या म्हातारीच्या नावावर करून काय मिळवलंत? आम्ही तिकडं जाऊ.” म्हटलं, जा. वाचायचा कागद मोठ्या अक्षरात ने, संजना वाचते. तो हसला. मग कारभारीचं सांगायला लागला, कसा कंपनीत पगारावर आहे, गणवेश मिळाला आहे. मी म्हटलं, कारभारी गणवेश घालून रोज त्या भिंतीवरून पाण्याकडे बघतो, ते पण सांग. यावर तो गेला. जाताना पाया पडला, ही त्याची जुनी सवय, ती त्याने मोडली नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. पान संपत आलं आहे.

गेल्या दिवाळीत तू अंगणात मोबाइलवर चंदरशी बोलत होतास. मी पडवीत झोपलोय असं तुला वाटलं. तू म्हणालास, “थोडं थांबा. बाबांचं वय झालंय. जबरदस्ती नको, आपोआप होईल.” मी ऐकलं. राग आला नाही, असं लिहिलं तर पुन्हा खोटं वाचून दाखवल्यासारखं होईल. राग आला. नंतर वाटलं, मीच शिकवलं हे. आपल्याच माणसाला न विचारता, त्याच्या पाठीमागे, जमिनीचा निकाल लावायचा. तू माझ्याच वर्गातला.

म्हणून हे पत्र तुझ्या पाठीमागे नाही, समोर. दस्ताची एक प्रत सोबत जोडली आहे. सगळी वाच, पहिला परिच्छेद दोनदा. जमीन वडिलोपार्जित आहे, तुझाही हक्क आहे, तू दावा लावू शकतोस. वकील तुला सांगेल की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं सिद्ध करा. करून बघ. सध्या मी रोज सकाळी तेराचा पाढा उलटा म्हणतो, यादव साक्षीला आहे. दसऱ्याला साहेब आले तर त्यांना चहा मिळेल. सही मिळणार नाही.

यशोदाने इंद्रायणीची कापणी स्वतः करायची म्हटलं आहे. ती आणि संजना महिनाअखेरीस येतील. तुझी आई त्यांच्यासाठी गोधड्या उन्हात टाकते आहे. तू आलास तर चौथा विळा आहे. नाही आलास आणि दावा लावलास, तर तारीख पडल्यावर कळव. मी नाशिकच्या कोर्टात एसटीने येईन. विचारतील तेवढं खरं सांगेन. कठड्यातून उतरलो की नव्या भाताचे पाच शेर तांदूळ तुझ्या हातात देईन, आणि तुझ्याकडे जेवून संध्याकाळच्या गाडीने परत येईन.

ओमला पापा. शुभांगीला आशीर्वाद. या पत्रातलं तिच्यापासून काही लपवू नकोस.

न विकणारा, आणि तुझाच,
बाबा
(धोंडीराम गुरुजी)